‘तात्काळ’ या शब्दाचा हिशेब: विमा नियामकांना सोलापुरातून एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

विषय: वाहनचोरीचा दावा ‘कळवण्यास उशीर झाला’ या कारणाने, तोही सगळी कागदपत्रे घेऊन झाल्यावर नाकारला जाण्याबाबत

महोदय,

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी गेली सव्वीस वर्षे हिशेब लिहितो. तारखा सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे आमची गाडी चोरीला गेल्या दिवसापासून कोणाला कधी भेटलो, कोणता कागद कोणाकडे दिला आणि त्याची पोच कोणी दिली, हे सगळे मी एका वहीत लिहून ठेवले आहे आणि तीच वही समोर ठेवून आपल्याला लिहीत आहे. माझा दावा सध्या पुण्याच्या विमा लोकपालांपुढे आहे. त्याचा निर्णय तिथे व्हायचा तो होईल आणि त्यात आपण लक्ष घालावे अशी माझी मागणी नाही. माझे म्हणणे एका नियमाविषयी आहे. तो नियम करणे फक्त आपल्या हातात आहे आणि तो झाला तर माझ्यानंतर ज्याची गाडी जाईल त्याचे वर्ष वाचेल.

१६ जानेवारी २०२५ च्या पहाटे जुळे सोलापुरातील आमच्या घरासमोरून गाडी गेली. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. पाहुण्यांना होम मैदान दाखवून आम्ही रात्री साडेअकराला परतलो होतो आणि गाडी नेहमीच्या जागी, कडुनिंबाखाली, कुलूप लावून उभी केली होती. सकाळी पावणेसहाला दूध घ्यायला बाहेर गेलेल्या पत्नीने हाक मारली. झाडाखाली रात्रभराच्या गळालेल्या पानांमध्ये गाडीएवढा स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता. फोन उघडला तर रात्री २ वाजून ४० मिनिटांनी विजयपूर रस्त्यावरील टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याचा संदेश आलेला होता. सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको की त्या रस्त्याने टाकळीपाशी भीमा ओलांडली की कर्नाटक लागते. म्हणजे आम्ही जागे झालो तेव्हा गाडीला परराज्यात जाऊन दोन-तीन तास झाले असावेत.

सहा वाजून दहा मिनिटांनी मी ११२ क्रमांकावर फोन केला. साडेसातला पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज दिला आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतला. ठाण्यातील बहुतेक माणसे यात्रेच्या बंदोबस्ताला गेली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले. ठाणे अंमलदार साहेबांनी नीट ऐकून घेतले, मात्र दोन दिवस स्वतः शोध घ्या, नात्यातल्या कोणी नेली आहे का पाहा, मग गुन्हा दाखल करू, असे सांगितले. गुन्हा दाखल झाला तो २० जानेवारीला. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तर इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर देऊन तीन दिवसांत सही करण्याचीही सोय आहे. हे मला त्या सकाळी माहीत नव्हते. माहीत असते तरी, गाडी गेलेल्या माणसाने ठाण्याच्या बाकावर बसून कलमे सांगायची असतात असे मला वाटत नाही.

विम्याच्या एजंटला मी त्याच दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फोन केला होता. त्यांचे उत्तर वहीत त्यांच्याच शब्दांत आहे: “एफआयआरची कॉपी हातात आल्याशिवाय क्लेम नंबर पडत नाही, तोपर्यंत घाई करू नका.” २१ तारखेला एफआयआरची प्रत मिळाली आणि २२ तारखेला मी कंपनीला लेखी कळवले. चोरी आणि लेखी सूचना यांच्यात सहा दिवसांचे अंतर पडले ते असे. एजंटच्या तोंडी शब्दावर मी विसंबलो ही माझी चूक मी मान्य करतो. त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन आणि एक ईमेल करून ठेवला असता तर पुढचे बरेच टळले असते.

महोदय, यापुढचे आठ महिने मी आपल्यासमोर मांडतो, कारण माझी तक्रार मुख्यतः त्या महिन्यांविषयी आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने नेमलेले तपासनीस घरी आले. त्यांनी आरसी, पॉलिसी, गाडी खरेदीचे बिल, सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि दोन्ही चाव्या मागितल्या. चाव्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मोबाइलच्या उजेडात बराच वेळ पाहिल्या. एकीच्या कडा झिजलेल्या होत्या आणि तिला सिद्धरामेश्वरांचे चित्र असलेली कडी होती. दुसरी जवळपास नवी होती, कारण ती तीन वर्षे कपाटातच पडून होती. ही एवढी नवी कशी, मूळची कुठे हरवली का, असे त्यांनी तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारले. त्यांचे काम मला समजते. खोटे दावे होतात, बनावट चावीचा प्रश्न खरा असतो आणि विचारणे त्यांचे कर्तव्य आहे. पत्नीने कडी काढून ठेवली, चाव्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गेल्या आणि पिशवीवर माझी सही झाली. फास्टॅगच्या संदेशाची छापील प्रतही मी त्यांना दिली. जाताना ते म्हणाले, “तुमचं प्रकरण खरं आहे, काळजी करू नका.” हेही वहीत आहे.

त्यानंतर कंपनीने मागितलेली गोष्ट म्हणजे समरी. आपले कार्यालय हैदराबादला असल्याने महाराष्ट्रातील ही पद्धत थोडक्यात सांगतो. गुन्हा खरा आहे पण आरोपी आणि माल मिळाला नाही, अशा प्रकरणी पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ‘अ समरी’चा अहवाल पाठवतात, न्यायालय फिर्यादीचे म्हणणे घेऊन तो मंजूर करते. ती मंजुरीची प्रमाणित प्रत आल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही, असे मला सांगण्यात आले. तपासासाठी पोलिसांना वेळ लागणे स्वाभाविक आहे. पण विमाधारकाच्या हातात या सगळ्यात काहीच नसते. तो ठाण्यात जातो, तपास चालू आहे असे ऐकतो आणि परत येतो. माझ्या वहीत ठाण्याच्या एकोणीस आणि न्यायालयाच्या सहा खेपा आहेत. सप्टेंबरमध्ये समरी मंजूर झाली. मधल्या काळात स्टॅम्प पेपरवर हमीपत्र झाले, नोटरी झाली, आरटीओला चोरीची सूचना दिल्याची पोच झाली, वित्तपुरवठा करणाऱ्या बँकेचे पत्र झाले, आणि वाहन हस्तांतराचे २८, २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने मी कोऱ्या तारखेने सही करून दिले. गाडीवर कर्ज असल्याने ३५ क्रमांकाचा नमुनाही आला. दर महिन्याच्या ५ तारखेला कर्जाचा ९,६४० रुपयांचा हप्ता खात्यातून जात होता. फेब्रुवारीत मुदत संपत आल्याने पॉलिसीचे नूतनीकरण करा, असे तीन संदेश त्याच कंपनीकडून, त्याच चोरीला गेलेल्या गाडीसाठी, अगदी वेळेवर आले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी नकाराचे पत्र आले. त्यात कारण एकच होते: चोरीची सूचना सहा दिवस उशिरा दिली, त्यामुळे पॉलिसीच्या अट क्रमांक १ चा भंग झाला.

हे सहा दिवस कंपनीला २२ जानेवारीलाच माहीत होते. माझ्या पहिल्याच पत्रात चोरीची तारीख १६ आणि पत्राची तारीख २२ लिहिलेली आहे. त्यासाठी समरी लागत नाही, चाव्या लागत नाहीत, तपासनीस लागत नाही. उशीर हेच कारण होते तर ते पहिल्या आठवड्यात सांगता आले असते आणि मी तेव्हाच दाद मागितली असती. कंपनीने आठ महिने कागद मागितले, मी ते दिले, आणि जे पहिल्या दिवशी दिसत होते ते शेवटच्या दिवशी पुढे केले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर नोंद जानेवारीची होती आणि ती ऑक्टोबरच्या पानावर टाकली गेली. असे माझ्या हातून झाले असते तर मालकांनी मला खुलासा विचारला असता. कंपनीला तो विचारणारे आपणच आहात.

आता त्या अटीकडे येतो. वाहन विम्याच्या पॉलिसीतील पहिली अट दोन भागांत आहे. अपघात किंवा नुकसान झाल्यास कंपनीला तात्काळ लेखी सूचना द्यावी, असे पहिला भाग म्हणतो. पुढे चोरी किंवा गुन्ह्याचा वेगळा उल्लेख आहे आणि तिथे तात्काळ सूचना द्यायची आहे ती पोलिसांना. कंपनीला सहकार्य करायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ जानेवारी २०२० रोजी दिलेल्या निर्णयात हीच वाक्यरचना उलगडली आहे. तो निकाल आपल्या अमरावतीचे आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिला. त्या प्रकरणात एका विमाधारकाचा ट्रॅक्टर चोरीला गेला होता, पोलिसांत त्याच दिवशी फिर्याद होती, आणि कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले होते. फिर्याद लगेच दिलेली आहे, तपासाअंती वाहन सापडले नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल आहे आणि कंपनीच्या स्वतःच्या तपासात चोरी खरी निघाली आहे, अशा स्थितीत केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ११ फेब्रुवारी २०२२ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात तेच पुन्हा सांगितले. त्याआधी २०१७ च्या ऑक्टोबरमधील एका निकालात तर न्यायालयाने माणसाच्या स्वभावाचीच दखल घेतली आहे: ज्याचे वाहन गेले तो आधी ते शोधायला धावतो, भरपाई मागायला लगेच विमा कंपनीकडे जात नाही. ते वाचले तेव्हा १६ जानेवारीची आमची सकाळ कोणीतरी पाहिली होती असे मला वाटले.

आणि न्यायालयापर्यंत तरी कशाला जायचे? २० सप्टेंबर २०११ रोजी आपल्याच प्राधिकरणाने सर्व विमा कंपन्यांना परिपत्रक काढून कळवले होते की अपरिहार्य कारणाने सूचना किंवा कागदपत्रे उशिरा आली म्हणून खरे दावे नाकारू नयेत. वेळेत आले असते तरी जो दावा नाकारलाच गेला असता, त्याच्याच बाबतीत उशिराचे कारण पुढे करावे. त्या परिपत्रकाला आता चौदा वर्षे उलटली. तरीही नकाराच्या पत्रात ‘तात्काळ’ हा शब्द ठळक अक्षरांत येतो आणि त्याखाली परिपत्रकाचा उल्लेखही नसतो. माझ्या पोलिसांतल्या अर्जावर १६ जानेवारीचा शिक्का आहे, ११२ च्या फोनची नोंद आहे. अटीत शब्द ‘सूचना’ असा आहे, ‘एफआयआर’ असा नाही. हे मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लिहिले. उत्तरात जुन्याच पत्राचा मजकूर पुन्हा आला. त्यानंतर एक फोन आला की लेखी संमती देत असाल तर पंचाहत्तर टक्के रकमेवर दावा मिटवता येईल. ज्याच्या खात्यातून दरमहा हप्ता जातो आहे, त्याला तो फोन किती मोहाचा वाटतो हे मी नाकारत नाही. अटीचा खरोखर भंग झालेला असताना अशी तडजोड करण्याची रीत न्यायालयांनी मान्य केलेली आहे. माझ्या बाबतीत भंगच झालेला नाही असे माझे म्हणणे आहे, म्हणून मी संमती दिली नाही.

महोदय, आपल्या २०२४ च्या नियमांनी आणि परिपत्रकांनी बरेच चांगले केले आहे, हे मी मनापासून लिहितो. कागदपत्रांच्या अभावी दावा नाकारू नये, सर्व्हेअर चोवीस तासांत नेमावा, त्याने पंधरा दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवालानंतर सात दिवसांत निर्णय व्हावा, ही कालमर्यादा आहे. अपघातात ती उपयोगी पडते, कारण तिथे मोडलेली गाडी समोर असते आणि खर्च ठरवायचा असतो. चोरीत मोजायला काहीच नसते. पॉलिसी घेतानाच गाडीचे घोषित मूल्य, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात, ठरलेले असते. माझ्या पॉलिसीत ते ५,१२,००० रुपये आहे. त्यातून सक्तीची वजावट गेली की रक्कम निघते. म्हणजे किती द्यायचे हा प्रश्नच नाही, प्रश्न फक्त द्यायचे की नाही एवढाच आहे, आणि नेमक्या त्याच उत्तराला व्यवहारात तारीख उरलेली नाही, कारण ते समरीच्या खुंटीला टांगलेले आहे.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, सूचना उशिरा मिळाली हे कारण कंपनीला वापरायचे असेल तर ते तिने सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे. त्या मुदतीत कळवले नाही आणि पुढे कागदपत्रे मागितली, तर ते कारण सोडून दिले असे मानले जावे. यात कंपनीचे काहीही नुकसान नाही. खोटा दावा असेल तर तो नाकारण्याचे तिचे सगळे मार्ग शिल्लक राहतात. फक्त पहिल्या दिवशी माहीत असलेली गोष्ट तिला राखून ठेवता येणार नाही. माझ्या मते या एका नियमाने अशा तक्रारींचा मोठा भाग मुळातच थांबेल.

दुसरी मागणी समरीविषयी. गुन्हा नोंदल्यापासून नव्वद दिवसांत वाहन सापडले नाही आणि कंपनीच्या तपासनीसाला चोरी खरी वाटली, तर हमीपत्र घेऊन कंपनीने पैसे द्यावेत आणि समरीची प्रत पुढे स्वतः मिळवावी. गाडी नंतर सापडली तर ती कंपनीची होते. त्यासाठीच तर हक्क हस्तांतराचे पत्र आणि सह्या केलेले नमुने ती आधीच घेऊन ठेवते. मग वाट पाहण्याचा सगळा भार विमाधारकावर का असावा, याचे उत्तर मला कोणत्याही कार्यालयात मिळालेले नाही.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण मला ती सगळ्यांत जास्त लागली आहे. दावा नाकारल्यानंतरही माझ्या दोन्ही चाव्या, मूळ आरसी आणि माझ्या सहीचे कोऱ्या तारखेचे हस्तांतराचे नमुने कंपनीकडेच आहेत. उद्या गाडी सापडली तर ती सोडवून आणायला माझ्याकडे चावीही नाही आणि कागदही नाही. दावा मान्य करण्याआधी हस्तांतराच्या सह्या घेऊ नयेत, आणि नकार दिलाच तर त्या पत्रासोबत सर्व मूळ कागद आणि चाव्या परत द्याव्यात, एवढे आपण एका ओळीच्या आदेशाने करू शकता.

पॉलिसीसोबत मराठीत एक पान जोडावे, हेही सुचवावेसे वाटते. सोलापुरात घराघरांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते आणि पॉलिसी मात्र बारीक इंग्रजी अक्षरांत येते. चोरी झाली तर पहिल्या दिवशी काय करायचे, एवढेच त्या पानावर असावे: ११२ वर फोन, ठाण्यात लेखी अर्ज आणि शिक्क्याची पोच, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन आणि ईमेल, फास्टॅगचा संदेश आल्यास टोलनाक्याचे चित्रण राखून ठेवण्याची पोलिसांना लेखी विनंती. त्या शेवटच्या गोष्टीचे मला फार वाईट वाटते. २ वाजून ४० मिनिटांनी आमची गाडी ज्या कॅमेऱ्याखालून गेली, त्याचे चित्रण कोणी मागेपर्यंत पुसले गेले होते.

माझ्यासारखीच वेळ आलेल्या जिल्ह्यातील वाचकांसाठीही दोन शब्द लिहितो. नकाराचे पत्र हा शेवट नसतो. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. ज्यांना सोलापुरातच दाद मागायची आहे त्यांच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि तिथे दोन वर्षांची मुदत असते. प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. पंचाहत्तर टक्क्यांच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी पोलिसांतल्या अर्जावरचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे, ते एकदा काढून पाहावे.

या पत्राची सही केलेली प्रत, वहीतील तारखांचा गोषवारा, १६ जानेवारीच्या अर्जाची शिक्क्याची पोच आणि नकाराचे पत्र, असे सर्व कागद मी आपल्या कार्यालयाकडे रजिस्टर्ड पोस्टाने वेगळे पाठवत आहे. फेब्रुवारी ते डिसेंबर असे अकरा हप्ते, म्हणजे १,०६,०४० रुपये, नसलेल्या गाडीसाठी मी भरले आहेत आणि बारावा येत्या ५ तारखेला जाईल. पहिल्या मागणीबाबत आपले काय मत आहे, ते लेखी कळवावे, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
जुळे सोलापूर येथील एक विमाधारक

प्रत माहितीसाठी: मा. पोलीस आयुक्त, सोलापूर शहर